बालकांची औषधमात्रा : अंदाज कोणाचा, जबाबदारी कोणाची?

औषधाच्या दुकानातून घरी येणाऱ्या बाटलीवर प्रौढांनी औषध किती घ्यावे हे छापलेले असते. मुलांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा 'डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे' एवढेच शब्द आढळतात. हा सल्ला डॉक्टरांनी कशाच्या आधारे द्यावयाचा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी किंवा पाव करावी, तिची पूड करून साखरपाण्यात कालवावी आणि मुलाच्या तोंडात घालावी, ही रीत घराघरांत रुळलेली आहे. आणि अनेक रुग्णालयांतही तिला दुसरा इलाज नसतो. पाव गोळी मोजून देणे हा हिशेब झाला. परंतु तो हिशेब ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीतच चुकीचे असेल, तर कितीही काटेकोर मोजमापाने मुलाचे भले होणार नाही.

बालकाच्या शरीरातून एखाद्या औषधाचा निचरा किती वेगाने होईल, याचा पुरेसा विश्वासार्ह अंदाज आज शास्त्राला बांधता येतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे ज्ञान पायरीपायरीने जमा झाले आहे. तरीही ते औषधाच्या वेष्टनावर, सरकारी दवाखान्यातील तक्त्यात आणि गोळीच्या आकारात उतरत नाही. याचे कारण वैद्यकात जितके आहे, त्याहून अधिक ते अर्थशास्त्रात आहे. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही.

छोटा माणूस हा भ्रम

मुलाचे वय वाढते तशी मात्रा वाढवावी, ही जाण फार जुनी आहे. काश्यपसंहितेत नवजात बालकाला वावडिंगाच्या दाण्याएवढी मात्रा सांगून ती महिन्यागणिक वाढविण्याचा निर्देश आहे. महाराष्ट्रातील घरांत बाळगुटी उगाळताना आजीबाई सहाणेवरचे वेढे बाळाच्या वयाप्रमाणे वाढवीत असत, तेही याच न्यायाने. पाश्चात्य वैद्यकातही असेच ठोकताळे होते. प्रकाशाच्या तरंगसिद्धांतामुळे प्रसिद्ध असलेल्या थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगे की, मुलाच्या वयाला त्या वयात बारा मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे आणि प्रौढाच्या मात्रेचा तेवढा हिस्सा द्यावा. क्लार्क यांचा नियम वजनावर आधारलेला होता. दोन वर्षांच्या, दहा किलो वजनाच्या मुलाला दोन्ही नियम प्रौढाच्या मात्रेचा सुमारे सातवा हिस्सा देतात. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आले की माणसाचा त्यावर विश्वास बसतो. पण या ठिकाणी दोन्ही वाटा एकाच भ्रमातून निघाल्या होत्या. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस, हा तो भ्रम होय.

त्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे १९५९ साली लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयातील नोंदींवरून जगापुढे आले. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळी नावाजलेले प्रतिजैविक होते. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना संसर्गाचा धोका होता, त्यांना ते प्रतिबंधक उपाय म्हणून दिले जाई. हे औषध मिळालेल्या गटांत दर दहांपैकी सुमारे सहा बालके दगावली. ज्यांना कोणतेच प्रतिजैविक दिले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण पाचांत एकाहून कमी होते. औषध मिळालेल्या बालकांचे पोट फुगे, श्वास अनियमित होई, रक्तदाब ढासळे आणि कातडी राखेसारखी करडी पडे. 'करड्या बालकाचा विकार' हे नाव त्यावरूनच पडले. औषधात भेसळ नव्हती. डॉक्टरांचा हेतूही शुद्ध होता. नवजात यकृतात या औषधाला रासायनिक जोड देऊन ते मूत्रावाटे बाहेर टाकण्याजोगे करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, पुरेशी तयार झालेली नसतात, आणि मूत्रपिंडेही अपुरीच काम करतात, ही गोष्ट तेवढी हिशेबात धरलेली नव्हती. दर मात्रेबरोबर औषध साठत गेले आणि औषधाचेच विष झाले.

भेसळीच्या प्रकरणांशी याची तुलना करून पाहावी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या दूषित औषधाने मुले मृत्युमुखी पडली, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. आणि तो उसळावयासच हवा होता. पण तेथे गुन्हेगार सापडतो, नमुना तपासता येतो, परवाना रद्द करता येतो. शुद्ध औषधाची चुकीची मात्रा मात्र आरडाओरड करीत नाही. जास्त झालेली मात्रा आजाराच्या खात्यावर लिहिली जाते आणि कमी पडलेली मात्रा नशिबाच्या. ज्या हानीला आरोपी नाही, तिला वाली कोण, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

आकार आणि परिपक्वता

निचरा म्हणजे काय, हे एका साध्या दाखल्याने समजते. टाकीत नळातून पाणी येते आणि तळाच्या तोटीतून जाते. टाकीतील पातळी स्थिर ठेवावयाची असेल, तर येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याइतके असले पाहिजे. टाकी केवढी आहे, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम ठरतो. शरीरातील ही तोटी म्हणजे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे होत. नेहमी द्यावयाच्या मात्रेचा निर्णय या तोटीच्या आकारावर करावा लागतो. बालकाच्या बाबतीत त्यासाठी दोन दुरुस्त्या कराव्या लागतात : एक शरीराच्या आकारासाठी आणि दुसरी अवयवांच्या परिपक्वतेसाठी.

आकाराच्या दुरुस्तीचे मूळ पशुविज्ञानात आहे. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली उंदरापासून गाईबैलांपर्यंतच्या प्राण्यांच्या ऊर्जेच्या वापराची तुलना केली. वजन दुप्पट झाले म्हणून हा वापर दुप्पट होत नाही; तो सुमारे १.७ पट होतो, म्हणजे वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांना दिसून आले. औषधांचा निचराही याच प्रमाणाला बऱ्याच अंशी अनुसरतो. सत्तर किलोंच्या प्रौढाशी दहा किलोंच्या मुलाची तुलना या नियमाने केली, तर मुलाचा निचरा प्रौढाच्या २३ टक्के भरतो. जुने नियम सातवा हिस्सा, म्हणजे १४ टक्के सांगत होते. दर किलोमागे पाहिले, तर दोन वर्षांच्या या मुलाचे शरीर प्रौढापेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक वेगाने औषध बाहेर टाकते. त्याला वजनाच्या प्रमाणात औषध दिले तर ते कमी पडणार, हे उघड आहे.

परंतु याच नियमावर विसंबून नवजात बालकाला औषध दिले, तर उलट बाजूचा अपघात ओढवेल. तेथे दुसरी दुरुस्ती आवश्यक होते. अवयवांची परिपक्वता जन्मतारखेपासून मोजून भागत नाही. गर्भारपणाचे आठवडे धरून वय मोजावे लागते, कारण सातव्या महिन्यात जन्मलेल्या बालकाची मूत्रपिंडे जन्माबरोबर एकाएकी मोठी होत नाहीत. मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अनेक ठिकाणची मोजमापे एकत्र केली गेली. आकाराची दुरुस्ती केल्यानंतर, पूर्ण दिवसांच्या नवजात बालकात ही क्षमता प्रौढाच्या सुमारे ३५ टक्के असते, जन्मानंतर दोन महिन्यांच्या सुमारास ती निम्म्यावर येते आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचते, असा तिचा आलेख आहे.

दोन्ही दुरुस्त्या एकत्र केल्या की चित्र स्पष्ट होते. साडेतीन किलोंच्या नवजात बालकाचे वजन प्रौढाच्या विसाव्या हिश्शाइतके असते. पण मूत्रपिंडांवाटे जाणाऱ्या औषधाचा त्याचा निचरा प्रौढाच्या सत्ताविसाव्या हिश्शाइतकाच भरतो. मॉर्फिन या वेदनाशामकासाठी मांडलेले प्रतिमान वापरले, तर हा हिस्सा चाळिसावा येतो; म्हणजे वजनाच्या हिशेबाने दिलेली सततची मात्रा जवळजवळ दुप्पट ठरते. एकाच मुलाच्या आयुष्यात वजनाचा नियम पहिल्या महिन्यात जादा देतो आणि दुसऱ्या वर्षी कमी देतो. दोन्ही टोकांना चुकणाऱ्या मापाला सरासरीच्या नावाखाली वापरीत राहणे, हे कोणत्याही हिशेबनिसाला मान्य होणार नाही.

यातही एक गुंतागुंत आहे. यकृतातील सर्व विकरे एका वेळी जागी होत नाहीत. कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य, अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा श्वास अडखळू नये म्हणून औषध म्हणून दिले जाते. प्रौढाच्या रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. या बालकांना तीन ते चार दिवस लागतात. याउलट पॅरासिटामॉलच्या बाबतीत निसर्गाने पर्यायी वाट ठेवली आहे : प्रौढात मुख्य असलेली निचऱ्याची वाट नवजात बालकात अरुंद असली, तरी सल्फेटची जोड देणारी दुसरी वाट तिची बरीच भरपाई करते. कोडीन या औषधाने आणखी एक धडा दिला. शरीरात त्याचे मॉर्फिन होते, आणि काही मुलांत आनुवंशिक कारणाने हे रूपांतर अतिवेगाने घडते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अशा काही मुलांचा श्वास थांबून मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन निषिद्ध ठरविले. तात्पर्य, वय आणि वजन यांवरून बांधलेला अंदाज हा मात्रा ठरविण्याचा आरंभ असतो. प्रत्येक औषध कोणत्या वाटेने जाते, हे ठाऊक असावे लागते आणि अंदाजाची पडताळणी करावीच लागते.

काही थेंबांची नमुना पाहणी

पडताळणीसाठी रक्त हवे. आणि एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या अंगात सारे मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. प्रौढ स्वयंसेवकाच्या शिरेतून दिवसभरात दहा-बारा वेळा रक्त घेऊन जो आलेख काढता येतो, तो या बालकात काढणे हा अत्याचार ठरेल. ही कोंडी संख्याशास्त्राने फोडली. सॅन फ्रान्सिस्को येथील लुईस शायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अशी पद्धत मांडली की, प्रत्येक रुग्णाकडून सोयीच्या वेळी एकदोनच नमुने घ्यावेत, मात्र रुग्ण पुष्कळ असावेत; मग सर्वांचा एकत्रित हिशेब करून समूहाचा सर्वसाधारण निचरा किती, आणि त्यात व्यक्तिपरत्वे फरक किती, हे दोन्ही काढता येते.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना यातील तत्त्व अपरिचित वाटणार नाही. सर्व कुटुंबांचा सर्व खर्च लिहून घेणे अशक्य, म्हणून देशाच्या गरिबीचा अंदाजच करावयाचा नाही, असे त्या पिढीने म्हटले नाही. थोड्या माहितीतून अधिक जाणण्याची शिस्त तिने उभी केली. बालकाच्या बाबतीत तर इतर तपासण्यांसाठी काढलेल्या रक्तातील उरलेले थेंबही कामी येतात.

दुसरी एक वाट स्वीडनचे टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ मध्येच दाखविली होती. अवयवांचे आकार, त्यांतून वाहणारे रक्त आणि विकरांचे प्रमाण यांची गणिती मांडणी करून औषधाचा प्रवास आधीच वर्तविता येतो, अशी ती कल्पना होती. संगणकाच्या साहाय्याने ती आज व्यवहारात आली असून, एकाही बालकाला औषध देण्यापूर्वी कोणत्या वयात कोणती मात्रा करून पाहणे सुरक्षित राहील, हे तिच्या आधारे ठरविले जाते. दोन वर्षांवरील मुलांत हे अंदाज सामान्यतः चांगले उतरतात. नवजात, आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांत ते डळमळीत होतात. जेथे गरज सर्वांत मोठी, तेथेच माहिती सर्वांत तोकडी, असा हा विपर्यास आहे.

बाजाराला न दिसणारा ग्राहक

हा विपर्यास आपोआप घडलेला नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी मुलांना 'औषधोपचारातील अनाथ' म्हटले. १९३७ साली अमेरिकेत सल्फाच्या विषारी द्रावणाने शंभरांहून अधिक बळी घेतले, त्यांत पुष्कळ मुले होती. त्यातून १९३८ चा औषध कायदा जन्मला. थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर १९६२ मध्ये तो अधिक कडक झाला. दोन्ही कायद्यांना कारण झाली मुले; पण त्यांनी मागितलेल्या चाचण्या झाल्या प्रौढांवर, आणि 'मुलांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही' असे एक वाक्य छापून उत्पादक मोकळे झाले. संरक्षणाच्या नावाखाली मुलांना ज्ञानातूनच वगळण्यात आले.

यात उत्पादकांचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. हिशेब पाहणे पुरेसे आहे. मुले प्रौढांपेक्षा कमी आजारी पडतात, त्यांना औषध थोडे लागते, वयोगट मात्र चार-पाच असतात आणि प्रत्येकासाठी निराळा अभ्यास व निराळी गोळी हवी. खर्च मोठा, विक्री लहान. औषधाचे एकस्व संपलेले असेल, तर एका कारखान्याने पैसे खर्चून मात्रा शोधून काढावी आणि बाकीच्या पन्नासांनी ती फुकट वापरावी, अशी स्थिती होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूची जी व्याख्या असते, ती बालकाच्या योग्य मात्रेच्या ज्ञानाला तंतोतंत लागू पडते : एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. अशी वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. दीपगृह जहाजमालकांच्या वर्गणीवर सोडता येत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाश्चात्य देशांनी यावर बक्षीस आणि सक्ती असे दोन उपाय योजले. अमेरिकेने १९९७ मध्ये मुलांवर अभ्यास करणाऱ्या उत्पादकाला सहा महिन्यांचा जादा एकाधिकार देऊ केला आणि २००३ मध्ये नव्या औषधांसाठी असे अभ्यास सक्तीचे केले. २०१२ मध्ये दोन्ही तरतुदी कायम झाल्या. युरोपीय संघाचा तत्सम नियम २००७ मध्ये अमलात आला. परिणामी शेकडो औषधांच्या माहितीपत्रकांत मुलांची मात्रा आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु बक्षिसाचे मूल्य औषधाच्या प्रौढांतील विक्रीवर ठरत असल्याने उत्पादकांचे लक्ष खपाऊ औषधांकडे वळले. जुनी, स्वस्त, एकस्व संपलेली औषधेच नवजात बालकांच्या कक्षात सर्वाधिक वापरली जातात. त्यांच्यासाठी युरोपने ठेवलेल्या खास सवलतीचा लाभ पहिल्या दहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच औषधांनी घेतला. बाजाराला वाकविता येते. पण जेथे नफाच नाही तेथे त्याला नेता येत नाही, हा त्याचा बोध आहे.

भारतातील हिशेब

भारतात हा प्रश्न किती जिवंत आहे, ते क्षयरोगाच्या इतिहासावरून दिसते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश या देशात आहेत आणि त्यांत मुलांची संख्या लहान नाही. कित्येक वर्षे मुलांना प्रौढांइतकीच, दर किलोमागे रिफाम्पिसिन १० आणि आयसोनियाझिड ५ मिलिग्रॅम, अशी मात्रा दिली जात होती. मुलांच्या रक्तातील पातळी मोजली गेली तेव्हा ती अपुरी भरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या मात्रा अनुक्रमे १५ आणि १० पर्यंत वाढविल्या. वर सांगितलेले तीन-चतुर्थांश घाताचे साधे गणित दहा किलोंच्या मुलासाठी रिफाम्पिसिनची दर किलोमागची मात्रा सुमारे १६ मिलिग्रॅम सांगते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ज्या अपुरेपणाचा संशय कागदावर घेता आला असता, तो दूर होण्यास इतकी वर्षे लागली. त्या मात्रांना साजेशी, पाण्यात विरघळणारी, मुलांना घेता येईल अशा चवीची गोळी तर २०१५ च्या अखेरीस आली. ती बनविण्यात भारतीय कंपन्या अग्रभागी होत्या, हेही नमूद केले पाहिजे. कारखाने व कौशल्य देशात आहे. कोणती गोळी हवी, हे सांगणारी आणि तिची मागणी नोंदविणारी सार्वजनिक यंत्रणा तेवढी उणी आहे.

परदेशातील आकडे जसेच्या तसे उचलूनही भागणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे ३६ टक्के वजनाने कमी आढळली. प्रचलित प्रतिमाने प्रामुख्याने सुपोषित मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. दहा किलो वजनाचे दोन वर्षांचे धडधाकट मूल आणि दहा किलो वजनाचे तीन वर्षांचे कुपोषित मूल तक्त्यात एकाच ओळीत बसतात. पण त्यांचे यकृत, रक्तातील प्रथिने आणि आतड्यांची शोषणशक्ती एक नसते. मेळघाटातील मुलाचा निचरा लंडन किंवा लॉस एंजेलिसच्या मुलावरून वर्तविणे, ही 'छोटा माणूस' या जुन्या भ्रमाचीच नवी आवृत्ती ठरेल.

अशा ज्ञानाचा उपयोग केवळ मोठ्या शहरांतील अतिदक्षता कक्षांना होतो, असेही समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांच्या जंतुदोषावर घरीच उपचार केले. त्यांत मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या जेंटामायसिनची इंजेक्शनेही होती. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने दाखविले. थोडे शिकलेल्या हातांनी अचूक मात्रा द्यावयाची, तर मागचे गणित कोणीतरी आधी पक्के करून ठेवलेले असावे लागते. सर्वांत अवघड गणिताचे सर्वांत सोपे रूप म्हणजे आरोग्यसेविकेच्या हातातील वजनाचा व मात्रेचा तक्ता होय.

मुलांवर प्रयोग करावेत काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो तुच्छतेने झटकून टाकण्याजोगा नाही. गरिबांची मुले परक्यांच्या औषधांची परीक्षास्थाने होऊ नयेत, ही काळजी रास्तच आहे. पण एक गोष्ट विसरता कामा नये. मोजमाप न करता दिलेली प्रत्येक मात्रा हाही प्रयोगच असतो. फरक एवढाच की त्याची नोंद होत नाही, त्याला संमती घेतली जात नाही आणि त्यातून कोणी काही शिकत नाही. अंदाजाचे शास्त्र जितके सुधारेल, तितकी कमी मुले आणि कमी रक्त लागेल. पालकांची लेखी संमती, समजत्या मुलाची तयारी, नीतिसमितीची देखरेख आणि जे औषध त्या मुलाला एरवीही द्यावयाचेच होते त्याचीच तपासणी, एवढी पथ्ये पाळली तर हा आक्षेप उरत नाही.

खर्चाचा आक्षेप त्याहून लंगडा आहे. लागणारी साधने अवाढव्य नाहीत. शासकीय व महापालिका रुग्णालयांच्या बालविभागांत दररोज शेकडो मुलांची रक्ततपासणी होते. रक्तातील औषधपातळी मोजण्याची सोय मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात दीर्घकाळ आहे. अशा मोजक्या प्रयोगशाळांचे जाळे विणावे, नवजात कक्षांत सर्वाधिक लागणाऱ्या वीस-पंचवीस जुन्या औषधांची यादी करावी, आणि दरवर्षी त्यांतील काहींची मात्रा भारतीय बालकांत पडताळून पाहावी. हा खर्च सरकारी निधीतून व्हावा, कारण निष्कर्ष कोणा एकाच्या मालकीचे असणार नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ पासून मुलांच्या औषधांची स्वतंत्र अधिकृत संहिता प्रसिद्ध होते. तशी संहिता येथे इंग्रजीबरोबर मराठी व अन्य भारतीय भाषांतही निघाली पाहिजे. औषध प्रशासनाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापण्याचा आदेश दिला, तो स्वागतार्हच होता. परंतु काय देऊ नये एवढे सांगून प्रशासनाचे कर्तव्य संपत नाही. किती द्यावे, हेही त्यानेच सांगावयाचे आहे. आणि शासन जेव्हा लाखो गोळ्यांची खरेदी करते, तेव्हा मुलांच्या मात्रेतील विरघळणारी गोळी हवी, ही अट निविदेत घालणे त्याच्याच हाती असते. मोठा ग्राहक मागेल ते बाजार बनवितो.

लसीकरणाच्या बाबतीत हा देश एकेकाळी हेच शिकला. प्रत्येक घराने आपापली लस शोधावी, असे न म्हणता शासनाने ती बालकाचा हक्क म्हणून दारापर्यंत नेली. योग्य मात्रेचा हक्क त्याहून वेगळा नाही. मुलांना मत नाही, संघटना नाही आणि खरेदीची ताकद नाही. म्हणून त्यांच्या वतीने हिशेब मांडण्याची जबाबदारी शासनावर आणि त्याला जाब विचारणाऱ्या सुजाण नागरिकांवर येते. शास्त्राने आपला वाटा बराचसा उचलला आहे. उरलेला वाटा अंदाजपत्रकाचा आहे, आणि पुढील अंदाजपत्रकात त्यासाठी किती तरतूद होते, हे शिक्षकांनी, पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.